एक बरोबरची खूण

मोटार या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. मी बी.कॉम. आहे. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, एवढ्या एका सिद्धांतावर मी बँकेत पंचवीस वर्षे काढली. मोटारीतलेही मला डावे-उजवे एवढेच कळते, आणि तेसुद्धा बायको शेजारी बसून ओरडते तेव्हा. तरीही आज मी मोटारीच्या पुढच्या चाकाबद्दल लिहायला बसलो आहे. कारण त्या चाकाने मला एक प्रश्न घातला आहे, आणि त्याचे उत्तर बँकेच्या कुठल्याही सर्क्युलरमध्ये सापडत नाही.

प्रश्न असा : केलेल्या चुकीचा काहीच परिणाम झाला नाही, तर ती चूक केवढी धरायची?

ही मोटार माझी नव्हे. ती आमच्या मेहुण्याची, आणि त्याच्याकडे ती सासऱ्यांकडून आलेली. मूळची ती स्टँडर्ड हेरल्ड. इंग्लंडात १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड नावाची गाडी निघाली. मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने तिचे रूप रेखाटले होते. तीच गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून आपल्याकडे बनवायला घेतली आणि दहाएक वर्षे बनवली. हिचा एक विशेष असा, की खाली पोलादी सांगाडा वेगळा आणि वरचे पत्र्याचे अंग वेगळे, बोल्टांनी आवळलेले. म्हणजे सदरा काढून ठेवावा तसे अंग काढून ठेवता येते आणि खालचा देह शाबूत राहतो.

सासरे हौशी होते. पत्रा सडल्यावर दुसरा कोणी गाडी भंगारात देता. त्यांनी सांगाडा ठेवला आणि वर फायबरग्लासचे, उघडे, दोनच माणसांचे अंग चढवून घेतले. झाली स्पोर्ट्स कार! हा बदल त्यांनी आर.सी. बुकात रीतसर चढवूनही घेतला होता, नाहीतर माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाने तिला हात लावला नसता. सासूबाईंचे त्या गाडीविषयीचे मत लग्नापासून मला पाठ आहे : "ह्यांनी साबणाच्या डबीला चाकं लावून घरी आणली." हल्ली असली हौस करायची सोय नाही. कारखान्यातून गाडी जशी निघाली तशीच ती राहिली पाहिजे असे १९८८चा मोटार वाहन कायदा सांगतो, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले.

इंग्लंडात मात्र ही हौस म्हणजे एक संप्रदाय आहे. त्याला किट कार म्हणतात. रुखवतासारखे सगळे सुटे भाग पेटीतून घरी येतात आणि गॅरेजमध्ये बसून गृहस्थाने ते जोडायचे. १९५७ पासून निघालेली लोटस सेव्हन ही या संप्रदायाची आद्य देवता. पूर्ण गाडी घेतली तर सरकार खरेदी-कर लावी. सुट्या भागांना तो कर नसे. कर चुकवण्याचा असा रीतसर मार्ग पाहून माझ्यातला बी.कॉम. गहिवरतो. भागांबरोबर 'जोडावे कसे' याची पुस्तिका दिली तर सवलत जायची, म्हणून कंपनीने 'सोडवावे कसे' याची पुस्तिका दिली, आणि लोकांनी ती उलट वाचली, अशी एक आख्यायिका आहे. १९७३ साली तिथे व्हॅट आला आणि ती पळवाट बुजली, पण हौस उरली. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने तर अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी यावर पुस्तक लिहिले.

हे सगळे सांगायचे कारण एकच. या जातिवंत गाड्यांपैकी कित्येकांच्या पुढच्या चाकांची जोडणी ट्रायम्फ हेरल्डच्या घराण्यातली आहे. लोटस सेव्हनमध्ये तीच, लोटस एलानमध्ये तीच. तेव्हा आमच्या साबणाच्या डबीचे गुडघे आणि तिकडच्या राजबिंड्या गाड्यांचे गुडघे सख्खे चुलतभाऊ. आणि गुडघे म्हटले की दुखणे आलेच.

हे दुखणे मला तुर्भ्याच्या मिस्त्रींनी समजावले. मेहुणा दोन वर्षांसाठी मस्कतला निघाला तेव्हा गाडी माझ्या हवाली करण्याआधी तो मला त्यांच्याकडे घेऊन गेला. मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. पुढचे चाक जॅकवर उचलून त्यांनी मला आत वाकायला लावले. चाक ज्याला टांगलेले असते असा एक उभा पोलादी दांडा असतो. त्याच्या वरच्या टोकाला बॉल जॉइंट. म्हणजे खांद्यात जशी हाडाची गोटी वाटीत फिरते, तशी पोलादाची गोटी पोलादाच्या वाटीत. तिच्यावर रबराची टोपी. टोपी फाटली की धूळ-पाणी आत जाते, गोटी झिजते, आणि एक दिवस वाटीतून निसटते. "चाक उचलायचं, वर एक हात, खाली एक हात, आणि हलवून बघायचं," मिस्त्री म्हणाले. "खडखडलं तर माझ्याकडे आणायचं. खडखडलं नाही तर देवाचे आभार मानायचे आणि पुढच्या वेळी परत हलवायचं."

"आणि खालच्या टोकाला?"

"खालीच तर मेख आहे."

खालच्या टोकाला गोटी नसते. तिथे ब्राँझचा एक ठोकळा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात आटे असतात, आणि उभा दांडा त्या आट्यांत स्क्रूसारखा बसतो. स्टिअरिंग वळवले की दांडा त्या ठोकळ्यात किंचित फिरतो. साऱ्या पुढच्या भाराखाली हे फिरणे चालते. त्याला हवे पातळ तेल, गिअरबॉक्सचे, नव्वद नंबरचे. ग्रीस नव्हे. फियाट-अ‍ॅम्बेसडरच्या जमान्यापासून पुढच्या चाकाला ग्रीस मारायचे हे प्रत्येक गॅरेजातल्या पोराच्या हाताला ठाऊक असते. पण ग्रीस त्या बारीक आट्यांत खालपर्यंत पोचत नाही. वरच थिजून बसते, खाली पाणी साचते, पोलाद गंजते. बाहेरून काही दिसत नाही. आणि मग एक दिवस दांडा आट्यांपाशी मोडतो.

"साहेब, एवढं लक्षात ठेवा. तेल. ग्रीस नाही," मिस्त्री म्हणाले. मी मान हलवली. मान हलवण्यात बँकेचा माणूस कधी कमी पडत नाही.

मेहुण्याने मला एक वहीही दिली. तारीख, काम आणि बरोबरची खूण, असे तीन रकाने. "भावोजी, तुमच्या सोयीनं ठेवलंय. दर सहामाहीला, तीस सप्टेंबर आणि एकतीस मार्च. तुमच्या क्लोजिंगबरोबर आमचंही क्लोजिंग."

बँकेच्या माणसाला सहामाहीच्या क्लोजिंगच्या दिवशी दुसरे काम सांगणे म्हणजे लग्नघरातल्या आचाऱ्याला भाजी निवडायला बोलावण्यासारखे आहे. पहिल्या सप्टेंबरात मी ऑक्टोबर उजाडल्यावर गाडी घेऊन निघालो खरा. पण पाऊस लागला, आणि वाटेतल्या एका सर्व्हिसिंगवाल्याकडे थांबलो. तिथला पोरगा म्हणाला, "ग्रीस मारू ना साहेब? सगळ्याच गाड्यांना ग्रीसच मारतो आम्ही." मला मिस्त्री आठवले. पण बाहेर पाऊस होता, घरी भजी होती. मी म्हटले, "मार." घरी येऊन वहीत लिहिले : 'तेल घातले.' आणि पुढे बरोबरची खूण केली. मार्चमध्ये ग्रीससुद्धा नाही, नुसती खूण. पुढच्या सप्टेंबरात खूण करताना तर हातात चहाचा कप होता.

नंतरच्या फेब्रुवारीत सासूबाईंनी मनात आणले. "नेरुळला ते गुलाबी पक्षी आलेत म्हणे. ह्यांच्या गाडीतून दाखवून आण." मेहुणा मस्कतला असल्यामुळे त्या आमच्याकडे वाशीला होत्या. वय चौऱ्याहत्तर. गाडी दोनच माणसांची, तेव्हा त्या आणि मी. पदर कानांवरून घट्ट गुंडाळून त्या अशा बसल्या की जणू लग्नाची वरात निघाली आहे. पाम बीच रोडने आम्ही चाणक्यच्या मागच्या बाजूला गेलो. खाडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. येताना मात्र म्हणाल्या, "तू फार हळू चालवतोस. हे याहून जोरात चालवायचे." मी काटा साठावरून सत्तरीवर नेला. डावीकडून खाडीचा वारा येत होता. सासूबाई हसत होत्या. इतक्या वर्षांत जावई म्हणून मी एवढा यशस्वी कधीच झालो नव्हतो.

सोसायटीत शिरल्यावर त्या जिन्यापाशी उतरल्या. मी गाडी जागेवर लावायला स्टिअरिंग पूर्ण वळवले. हेरल्ड ही पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळणारी गाडी, चाक अगदी आडवे होते. 'टक्' असा आवाज झाला. सुपारी फुटल्यासारखा, याहून मोठा नाही. आणि म्हैस बसताना पुढचा गुडघा मोडते तशी गाडी डाव्या अंगावर बसली. चाक आडवे होऊन अंगाखाली गेले होते.

वॉचमन धावत आला. वरच्या मजल्यावरून लोक वाकले. सासूबाई परत आल्या, चाकाकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "उतरले म्हणून बरं." सगळे म्हणाले, देव पावला. दहा मिनिटांपूर्वी काटा कुठे होता हे फक्त मला आणि सासूबाईंना ठाऊक होते, आणि सासूबाईंना काटा वाचता येत नव्हता.

इथवर हा एक अपघात. पाप पुढेच आहे.

रात्री मस्कतहून फोन आला. मेहुण्याने मोठ्या समंजसपणे माझी समजूत घातली. "भावोजी, तुमचा काय दोष? वहीत वेळच्या वेळी तेल आहे. मी जाण्याआधी नवीन दांडे टाकायचे पैसे दिले होते मिस्त्रीला. त्यानं जुनेच बसवले असणार. मी बोलतो त्याच्याशी." आणि तो बोलला. काय बोलला ते मला दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून कळले.

मिस्त्री सोसायटीत आले. खाली बसून त्यांनी मोडका तुकडा बाहेर काढला. वर मेणासारखे वाळलेले ग्रीस, त्याच्याखाली लाल गंज. त्यांनी तुकडा नाकाजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिले. आजूबाजूला पाचसात माणसे उभी होती. "साहेब, ह्यात तेल कधी घातलं होतं?"

मी म्हणालो, "वहीत आहे."

लक्षात घ्या, मी खोटे बोललो नाही. वहीत होतेच. मिस्त्रींनी तुकडा फडक्यात गुंडाळला आणि ते गेले.

त्या रात्री मला झोप आली नाही. स्वतःच्या बचावासाठी माणूस अंथरुणात जो वकील उभा करतो तो हायकोर्टात मिळत नाही. माझा वकील म्हणाला, झाले काय? कोणाला खरचटले सुद्धा नाही. नुकसान शून्य, तेव्हा गुन्हा शून्य.

हा हिशेब पटला असता, पण मला बँकेतली एक जुनी गोष्ट आठवली. चेक पास करताना त्यावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची असते. एकदा पगाराच्या गर्दीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एक चेक न ताडताच पास केला. सही बनावट निघाली. त्याला चार्जशीट मिळाली, दोन इन्क्रीमेंट थांबली. त्याच दिवशी, त्याच गर्दीत, मीही निदान पाच चेक न ताडता पास केले होते. पाचही सह्या खऱ्या निघाल्या. त्या वर्षी तत्पर सेवेबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळाले. ते अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. आमच्या दोघांत फरक कशाचा होता? माझ्या खातेदारांच्या प्रामाणिकपणाचा. माझा त्यात काही हात नव्हता.

मुलीचा बी.ए.ला तत्त्वज्ञान विषय आहे. सकाळी तिला विचारले, तर ती म्हणाली, "बाबा, याला नैतिक नशीब म्हणतात." १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी यावरच निबंध लिहिले. नेगेलच्या उदाहरणात चक्क एक ट्रक ड्रायव्हर आहे. त्याने ब्रेक वेळेवर तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात मूल आडवे आले तर तो जन्मभर स्वतःला मारेकरी समजणार. मूल आले नाही तर घरी जाऊन जेवणार. न तपासलेले ब्रेक दोन्हीकडे तेच. मला वाटले, या माणसाला आमच्या सोसायटीचा पत्ता कोणी दिला?

कायदासुद्धा नशिबाकडे बघूनच शिक्षा मोजतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, बेदरकारपणे गाडी हाकून कोणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने माणूस दगावला तर पाच वर्षांपर्यंत. कायद्याचेही बरोबर आहे. न झालेल्या अपघातांची कैद द्यायची म्हटली तर तळोजाचा तुरुंग पनवेलपर्यंत वाढवावा लागेल. गीता मात्र उलट बाजूने सांगते, की फळावर तुझा अधिकार नाही, कर्मावर आहे. आपण ते फार सोयीने ऐकतो. फळ चांगले आले नाही की म्हणतो, कर्म माझे, फळ देवाचे. पण फळ वाईट यायचे टळले, तेव्हा कर्म कोणाचे, हे विचारत नाही.

शेवटी मला समजेल अशा भाषेत मी त्याचे असे उत्तर काढले. चुकीचे मुद्दल खूण करताना ठरते. नशीब फक्त व्याज लावते. कोणाला व्याज जबर पडते, कोणाला अजिबात पडत नाही. पण व्याज माफ झाले म्हणून मुद्दल माफ होत नाही. आणि ज्याला व्याज पडले त्याला बिचाऱ्याला मुद्दल फेडायची संधीच उरत नाही, कारण गेलेला माणूस काही परत येत नाही. ती संधी माझ्यासारख्या सुटलेल्याला असते. माझे मुद्दल तर समोर दिसत होते. ते तुर्भ्याला, फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा घेऊन बसले होते.

मस्कतला फोन लावला. पावसापासून चहाच्या कपापर्यंत सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटले लाइन गेली.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "त्या वहीत तुमच्या आधीच्या खुणा आहेत ना, दोन वर्षांच्या?"

"आहेत."

"त्या माझ्या आहेत."

"ते माहीत आहे."

"तशाच आहेत," तो म्हणाला. "तुमच्यासारख्याच. दांडे नवे टाकल्यावर मिस्त्रीनं तेल घातलं, तेवढंच."

क्षणभर मला काय हलके वाटले म्हणता! अर्धा गंज त्याचा! पण मग माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. दोघांनी मिळून कर्ज घेतले तर बँक अर्धे-अर्धे मागत नाही. संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारी असते. पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही. आणि खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचे होते. सुदैवाने दोघेही हयात होतो.

मी तुर्भ्याला गेलो. मेहुण्याला फोनवर घेतले. दोघांनी माफी मागितली. मिस्त्री नट आवळत होते, ते आवळत राहिले. मग म्हणाले, "कुणाच्या वर्षाचा गंज किती, ते गंजावर लिहिलेलं नसतं. माफी राहू द्या. त्या दिवशी तुमच्या इथं माणसं उभी होती. त्यांना सांगा, मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं म्हणून."

हे कठीण होते. फोनवर, गॅरेजात, एका माणसापुढे माफी मागणे सोपे. पुढच्या रविवारी मी वॉचमनला आणि त्या पाचसात जणांना पार्किंगमध्ये जमवून सांगितले, की मिस्त्रींनी तेल घाला म्हटले होते. मी ग्रीस घातले आणि नंतर तेही घातले नाही, वहीतली खूण खोटी होती. त्यातल्या एकाचे खाते आमच्याच शाखेत आहे. दुसऱ्या दिवशी तो काउंटरवर आला आणि पासबुक भरून घेतल्यावर प्रत्येक नोंद बोट ठेवून तपासत बसला. मी काही म्हणालो नाही. मुद्दल हप्त्यानेच फिटते.

नवे दांडे आणि ट्रनियन इंग्लंडहून मागवले. तिकडच्या संप्रदायामुळे ते अजून मिळतात. गाडी एप्रिलमध्ये उभी राहिली. मिस्त्रींनी तेलाची पिचकारी माझ्या हातात दिली. प्लग काढून ती लावायची आणि वरून तेल पाझरेपर्यंत दाबत राहायचे. मी दाबत राहिलो. बऱ्याच वेळाने वर एक थेंब आला, मग दुसरा. मग दोन्ही हातांनी चाक धरून हलवले. खडखडले नाही. वहीत खूण करायला गेलो तर बोटाचे तेल कागदाला लागले आणि रकान्यात मोठा पिवळा डाग पडला. आधीच्या खुणा सगळ्या कोऱ्या-करकरीत आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. आम्हा दोघांपैकी कोणाचाच हात कधी तेलकट नव्हता.

सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. "झालं का रे तेल घालून?"

"झालं."

"खरंच?"

"या वेळी खरंच."

"मग थांब, पदर बांधून आले," त्या म्हणाल्या. "पक्षी अजून गेले नसतील."